सैंधव, खडे मीठ आणि थायरॉइड : आयोडीनचा घरगुती हिशोब

सप्तपर्णी

पूर्वी सैंधव उपवासापुरतं आणि पादेलोण ताकापुरतं घरात यायचं. आता किराणा दुकानाच्या पुढच्या फळीवर गुलाबी मीठ, सैंधव आणि 'नैसर्गिक' समुद्री मीठ मांडलेलं असतं, आणि अनेक घरांत रोजची भाजी-आमटी त्यावरच होते. त्याच घरात कुणाला तरी थायरॉइडची गोळी चालू असते आणि 'आयोडीनचं मीठ बंद करा' असा सल्ला फोनवर येऊन पडलेला असतो. या विषयाची आकडेमोड एका जागी असावी म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आपलं हार्मोन आयोडीनपासून बनवते. आयोडीनची गरज किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना १२० आणि त्याहून लहानांना ९०. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आयुष्यभराचं आयोडीन एकत्र केलं तरी चहाचा एक चमचा भरत नाही, पण ते रोज थोडं थोडं यावं लागतं.

आपल्याकडे ते मुख्यतः मिठातून येतं. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे. १ पीपीएम म्हणजे दर ग्रॅम मिठामागे १ मायक्रोग्रॅम. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. ५ ग्रॅम मीठ आणि १५ पीपीएम धरले तर ७५ मायक्रोग्रॅम मिळतात, ३० पीपीएम धरले तर १५०. शिजवताना साधारण पाचवा हिस्सा जातो असं धरतात. उरलेली भर दूध, दही, अंडी आणि मासळीतून पडते.

आता याच हिशोबात मिठाच्या जागी सैंधव ठेवून पाहा. त्यात आयोडीन नगण्य असतं. म्हणजे मासे-अंडी न खाणाऱ्या घरात एका पाकिटाच्या बदलाने आयोडीनचा मुख्य पुरवठाच तुटतो. गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो, आयोडीनशी त्याचा संबंध नाही.

आगरवाट

सैंधवाचं पटलं. पण उरण-पेणच्या आगरातलं किंवा गोव्याच्या मिठागरातलं खडे मीठ? ते तर समुद्राचंच. किनाऱ्यावर गलगंड दिसत नाही, याचं श्रेय इकडे सगळे मिठालाच देतात.

क्षारमापक

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम ५० ते ६० मायक्रोग्रॅम. समजा पाणी आटवताना त्यातला कणही वाया गेला नाही, तरी दर ग्रॅम मिठामागे २ मायक्रोग्रॅमसुद्धा होत नाहीत. प्रत्यक्षात तेवढंही राहत नाही, कारण मिठाचा स्फटिक बनताना आयोडीन त्यात शिरत नाही. खाली उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी आगरातून काढून टाकतात. म्हणून खडे मीठ रोज ५ ग्रॅम खाल्लं तरी १० मायक्रोग्रॅमच्या आतच.

किनाऱ्यावरच्या लोकांना आयोडीन मिळतं ते मासळीतून. मासे आणि कोळंबी समुद्रातलं आयोडीन शरीरात साठवतात, मीठ साठवत नाही. त्यामुळे कोकणातलं शाकाहारी घर खडे मीठ वापरत असेल तर त्याची स्थिती विदर्भातल्या तशाच घरापेक्षा वेगळी नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा : आयोडीनयुक्त खडे मीठही मिळतं. जाड मीठ आवडत असेल तर सोडायची गरज नाही, पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलंय का एवढं बघा. काही पाकिटांवर आयोडीनऐवजी पोटॅशियम आयोडेटचं (मिठात आयोडीन ज्या क्षाराच्या रूपात घालतात त्याचं) प्रमाण दिलेलं असतं. आयोडेटच्या वजनात आयोडीन ५९ टक्के, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम आयोडेट म्हणजे साधारण ३० पीपीएम आयोडीन. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका.

सुगरण_नाशिक

खडे मीठ वापरण्याआधी धुऊन वाळवायची पद्धत आहे. त्याने काही बिघडतं का? आणि लोणच्याला आयोडीनचं मीठ चालत नाही, लोणचं काळं पडतं म्हणतात, ते खरं का?

आहारवेध

धुण्याने बरंच बिघडतं. आयोडेटचं द्रावण मिठावर फवारलेलं असतं, ते खड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसतं. पाण्यात खळबळलं की तेच पहिल्यांदा निघून जातं. मिठात माती दिसत असेल तर मीठ बदला, धुऊ नका.

दुसरा शत्रू ओल. पावसाळ्यात उघड्या बरणीतलं मीठ पाझरायला लागतं, आयोडेट त्या पाण्याबरोबर तळाशी उतरतं. वरचं मीठ कमी आयोडीनचं, तळाचं जास्त. घट्ट झाकणाची काचेची किंवा चिनी मातीची बरणी वापरा, ती गॅसच्या शेगडीला लागून असलेल्या फळीवर ठेवू नका, ओला चमचा घालू नका. वर्षभराचं मीठ एकदम भरण्यापेक्षा एकेक किलोचं पाकीट आणलेलं चांगलं. भाजी-आमटीत मीठ शेवटी घातलं तर थोडं जास्त टिकतं, पण त्यासाठी कुणी आपली पद्धत पूर्ण बदलावी इतका फरक नाही.

लोणचं काळं पडणं, बुरशी येणं, खार सुटणं यांचा आयोडीनशी संबंध नाही. ते ओलसर फोडी, कमी मीठ, लोखंडी भांडं किंवा झाकणाची ढिलाई यामुळे होतं. लोणचं, पापड, कुरडया, सांडगे, सगळीकडे आयोडीनयुक्त मीठ बिनदिक्कत वापरा.

मृद्गंध

घरातल्या मिठात आयोडीन आहे की नाही हे कसं तपासायचं? बटाट्याची फोड, वर मीठ आणि लिंबू, हा प्रयोग फिरतोय.

क्षारमापक

बटाट्याच्या प्रयोगात निळा रंग आला तर आयोडीन आहे असं म्हणता येतं. नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही. मिठात असतं ते आयोडेट, आणि आयोडेट स्टार्चला रंग देत नाही. त्याचं आधी मुक्त आयोडीन व्हावं लागतं. लिंबाचं आम्ल त्याला मदत करतं, पण लिंबातलंच क जीवनसत्त्व तयार झालेल्या आयोडीनचं पुन्हा रंगहीन आयोडाइड करून टाकतं. त्यामुळे एकाच पाकिटातल्या मिठाने एका फोडीवर रंग येतो, दुसरीवर नाही.

त्यापेक्षा मीठ तपासणीचं छोटं किट चांगलं. आशाताईंकडे असतं ते हेच. सोबतच्या वाटीत मीठ भरून सपाट करायचं, चाचणी द्रावणाचे दोन थेंब टाकायचे, मिनिटाभरात आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. तक्त्यावर ०, ७, १५, ३० पीपीएम अशा छटा असतात. रंग आलाच नाही तर घाई करू नका : काही मिठं अल्कधर्मी असतात, त्यात प्रक्रिया होत नाही. नवं मीठ घ्यायचं, आधी फेरतपासणीच्या द्रावणाचे पाचपर्यंत थेंब, मग त्याच जागी चाचणी द्रावणाचे दोन थेंब. कुपी उघडी राहिली किंवा मुदत संपली की छटा फिकट येते. किटवरून 'आहे' की 'नाही' हे खात्रीने कळतं. १५ की २५ यावर वाद घालण्याइतकं ते अचूक नाही.

नेमका आकडा हवा असेल तर टायट्रेशन. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहज होण्यासारखं आहे, शिक्षक असाल तर मुलांकडून जरूर करून घ्या.

१. पाकीट नीट हलवून १० ग्रॅम मीठ, ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात.
२. त्यात २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल १ मिलिलिटर, मग १० टक्के पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण ५ मिलिलिटर. पिवळा रंग येईल.
३. बूच लावून १० मिनिटं अंधाऱ्या कपाटात.
४. ०.००५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. पिवळा रंग अगदी फिका झाला की स्टार्चचे थेंब घाला, जांभळा रंग जाईपर्यंत पुढे न्या.
५. ब्युरेटचा आकडा गुणिले १०.५८ म्हणजे पीपीएम. २.९ मिलिलिटर लागले तर ३०.७. १.४ लागले तर १४.८, म्हणजे किमान मर्यादेच्या किंचित खाली.

चुका कुठे होतात : फ्लास्क उजेडात ठेवला तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे जादा आयोडीन सुटतं आणि आकडा फुगतो. स्टार्च लवकर घातलं तर ते आयोडीन धरून बसतं, सोडायला वेळ लावतं आणि शेवट पुसट होतो. थायोसल्फेट शिळं असेल तर त्याची ताकद घटलेली असते, जास्त लागतं, आणि मीठ आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. हे द्रावण उकळून गार केलेल्या पाण्यात करा (लिटरला १.२४ ग्रॅम स्फटिक) आणि आयोडेटच्या प्रमाणित द्रावणाशी ताडून घ्या.

भीमातीर

सगळं ठीक. पण आयोडीनची सक्ती हा मीठ कंपन्यांचा डाव आहे हे नाकारता येतं का? आपले पूर्वज साधं मीठच खात होते.

सप्तपर्णी

भीमातीर, कंपन्यांवरचा तुमचा राग समजतो, पण सक्तीचं मूळ कंपन्यांत नाही. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग केले : एकात पोटॅशियम आयोडाइडचं मीठ, एकात पोटॅशियम आयोडेटचं, एकात साधं. सुरुवातीला तिन्हीकडे शाळकरी मुलांत गलगंडाचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या वर होतं. १९६२ पर्यंत आयोडीनच्या दोन्ही भागांत ते निम्म्यावर किंवा त्याखाली आलं, साध्या मिठाच्या भागात जवळपास होतं तिथेच राहिलं. आपल्या दमट हवेत आयोडाइडपेक्षा आयोडेट जास्त टिकतं, म्हणून आपण आयोडेट वापरतो. १९६२ मध्येच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे हिमालयाबाहेरच्या जिल्ह्यांतही गलगंड सापडला, तेव्हा पुरवठा सगळ्या देशासाठी झाला. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावरची बंदी १९९८ मध्ये आली, २००० मध्ये उठली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली.

आणि पूर्वजांमध्ये गलगंड होताच. पुरापावसाने जिथे माती धुपून जाते तिथे आयोडीनही वाहून जातं, मग धान्यात, चाऱ्यात, दुधात ते उतरत नाही. गळ्यावरची गाठ ही त्याची फक्त दिसणारी बाजू. गर्भातल्या मुलाच्या मेंदूवर होणारा परिणाम बाहेरून दिसत नाही आणि नंतर भरूनही निघत नाही. या धाग्यावर मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

२०१८-१९ च्या राष्ट्रीय आयोडीन सर्वेक्षणात ७६.३ टक्के घरांतल्या मिठात १५ पीपीएम किंवा जास्त आयोडीन सापडलं. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा घरं तेव्हाही मागेच होती.

रेवा

हायपोथायरॉइड (ग्रंथी कमी हार्मोन बनवते तो आजार) असणाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ खावं की नाही? अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं) वाढलेलं असेल तर बंद करा असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. आणि लघवीतलं आयोडीन तपासून घ्यावं का?

अंतःस्राव

रेवाताई, नेहमीच्या स्वयंपाकातलं आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवावं. आज शहरांत दिसणारा बहुतेक हायपोथायरॉइड हा हाशिमोटो प्रकारचा, म्हणजे शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे होणारा. मीठ बंद करून तो बरा होत नाही. शिवाय मीठ घरात सगळ्यांसाठी एकच असतं. आजीच्या थायरॉइडसाठी बदललेलं मीठ सुनेच्या गरोदरपणात आणि नातवंडाच्या ताटातही जातं.

हाशिमोटोमध्ये टाळायचं ते अतिरेकी आयोडीन, आणि अतिरेक मिठातून होत नाही. तो होतो केल्प या समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतून, 'थायरॉइड सपोर्ट' नावाच्या पूरकांतून आणि लुगोल या आयोडीनच्या द्रावणातून. ५ टक्के लुगोलच्या एका थेंबात ६ मिलिग्रॅमहून जास्त आयोडीन असतं, म्हणजे चाळीस दिवसांची गरज एका थेंबात. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. ती स्वतःहून बंद करायची नाही, पण ती घेणाऱ्याचं टीएसएच (रक्तातलं, ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) दर सहा महिन्यांनी बघितलं पाहिजे. सीटी स्कॅनच्या आधी टोचतात त्या कॉन्ट्रास्ट औषधातून तर कित्येक ग्रॅम आयोडीन एका दिवसात जातं. निरोगी ग्रंथी अशा माऱ्यात काही दिवस हार्मोन बनवणं थांबवते आणि मग पूर्ववत होते. आजारी ग्रंथीला ते पूर्ववत होणं जमत नाही, तिथे घोळ होतो. जुन्या गाठी असणाऱ्या वयस्कर माणसात उलटंही होतं : अचानक जादा आयोडीन मिळाल्यावर ग्रंथी बेसुमार हार्मोन बनवू लागते, धडधड, वजन घटणं, हात थरथरणं सुरू होतं.

लघवीतल्या आयोडीनची एकट्यादुकट्या माणसासाठी तपासणी करू नका. आदल्या दिवशी काय खाल्लं, किती पाणी प्यालं यावर तो आकडा दिवसागणिक हलतो. ती गावाची किंवा जिल्ह्याची स्थिती मोजायची पद्धत आहे, आणि तिथे मध्यक १०० ते १९९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर हे पुरेसं मानतात. व्यक्तीसाठी रक्तातलं टीएसएच आणि फ्री टी४ (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) बघावं.

थायरॉइडच्या गोळीबद्दलही लिहितो, कारण टीएसएच खाली येत नाही म्हणून मिठाला दोष दिला जातो तेव्हा दोष बहुतेकदा गोळी घेण्याच्या पद्धतीत असतो. लेव्हो-थायरॉक्सिन सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर. सोयाचं दूध, अँटासिड यांनीही शोषण घटतं. सकाळ जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी चालते, पण वेळ रोज एकच ठेवा. बाटली गॅसजवळ किंवा खिडकीत नको. उष्णतेने आणि उजेडाने गोळीची ताकद कमी होते. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे होईपर्यंत टीएसएच पुन्हा करून उपयोग नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने रिपोर्टच चुकतो, ग्रंथी नव्हे.

शिवार

बाजरीने थायरॉइड होतो असं हल्ली ऐकू येतं. आमच्याकडे हिवाळाभर बाजरीची भाकरी. कोबी-फ्लॉवरचंही तेच सांगतात.

आहारवेध

बाजरीबद्दलचं म्हणणं निराधार नाही, पण अर्धवट आहे. सुदानच्या दारफूर भागात, जिथे बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीनही कमी, तिथे गलगंड फार होता. त्यावरच्या संशोधनात बाजरीतली काही फ्लॅव्होन द्रव्यं ग्रंथीतल्या हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात असं दिसलं, आणि ती शिजवल्याने जात नाहीत. पण आयोडीन पुरेसं असेल आणि ताटात ज्वारी, गहू, तांदूळही असतील तर हिवाळ्यातल्या भाकरीने काही होत नाही. तीन वेळा बाजरी आणि रोजचं मीठ सैंधव, ही जोडी मात्र टाळा. संक्रांतीची तीळ लावलेली भाकरी निश्चिंत खा.

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल यांतली द्रव्यं ग्रंथीला आयोडीन ओढून घेऊ देत नाहीत. शिजवल्यावर त्यांचा जोर बराच घटतो. रोज वाटीभर भाजीने काही होत नाही. कच्च्या कोबीचा रस रोज पेलाभर पिणं मात्र थांबवा. विडी-सिगारेटच्या धुरातून तयार होणारं थायोसायनेटही हेच करतं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातलं आयोडीन त्याने घटतं. भाजीपेक्षा त्याची चिंता जास्त करावी.

पंडुरोगही इथे जोडलेला आहे. हार्मोन बनवणाऱ्या त्या एन्झाइमला लोह लागतं. हिमोग्लोबिन ८-९ असलेल्या बाईला आयोडीन पुरेसं देऊनही ते पूर्ण कामी येत नाही.

सुगरण_नाशिक

आणि उपवासाचं सैंधव? नवरात्राचे नऊ दिवस?

अंतःस्राव

खुशाल. निरोगी माणसाच्या शरीरात १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन असतं, त्यातलं बहुतेक ग्रंथीत, आणि तयार हार्मोनचा साठा काही आठवडे पुरतो. एकादशी, संकष्टी, नवरात्र यांनी त्याला धक्का लागत नाही. उपवास सुटल्यावर सैंधवाची बरणी मागे ठेवून नेहमीचं मीठ पुढे आणा, एवढंच. अंगावर पिणाऱ्या बाळाचा साठा मात्र फार छोटा असतो, ते रोज आईच्या दुधावर अवलंबून असतं. बाळंतिणीने सलग नऊ दिवस सैंधवावर राहू नये.

टेम्सकाठ

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी जोड : इथे मीठ आयोडीनयुक्त करण्याची सक्ती नाही, दुकानातलं बहुतेक मीठ साधंच असतं. इथल्या लोकांना आयोडीन मुख्यतः दूध आणि माशांतून मिळतं. त्यामुळे शाकाहारी असून ओट किंवा बदामाच्या दुधावर गेलात तर दोन्ही वाटा बंद होतात. आयोडीन घातलेलं वनस्पती-दूध मिळतं, लेबल वाचून घ्या. अमेरिकेत दोन्ही प्रकारची मिठं शेजारी-शेजारी असतात. कोशर आणि समुद्री मीठ सहसा बिनआयोडीनचं. तिथे आयोडाइड वापरतात, म्हणून भारतातून नेलेल्या किटने तपासलंत तर मीठ चांगलं असूनही रंग येणार नाही.

मृद्गंध

गरोदरपणात २५० लागतात म्हणता. मग फक्त मिठावर कसं भागायचं?

अंतःस्राव

दिवस राहण्याच्या आधीपासून साठा भरलेला असेल तर भागतं, म्हणून मिठाचं पाकीट लग्नाच्या वयातल्या मुलींच्या घरात आधीच बरोबर हवं. पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, सगळं हार्मोन आईचं. आयोडीनयुक्त मीठ, रोज दोन पेले दूध किंवा तेवढं दही, खात असाल तर अंडी-मासे. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असतं, आयोडीन नसतं. खासगी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांतही ते असेलच असं नाही. पूर्ण शाकाहारी आणि दूधही न घेणाऱ्या बाईने १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. केल्पची नको, तिच्यातलं प्रमाण बाटलीगणिक बदलतं.

आधीच थायरॉक्सिन चालू असेल तर चाचणी होकारार्थी आल्यावर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. डोस सहसा २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, आणि पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. बाळ जन्मल्यावर ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्त घेऊन त्याचं टीएसएच मागून करून घ्या. जन्मजात कमतरता असेल तर उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे लागतात, आणि त्या वयात बाळ बाहेरून अगदी व्यवस्थित दिसत असतं.

आगरवाट

बिनआयोडीनचं मीठ डॉक्टरच सांगतात अशी काही वेळ असते का?

अंतःस्राव

असते. थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन देतात, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी. उरलेल्या पेशींनी ते आयोडीन भुकेने ओढून घ्यावं म्हणून त्याआधी एक ते दोन आठवडे आहारातलं आयोडीन ५० मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवतात. तेव्हा सैंधव किंवा साधं बिनआयोडीनचं मीठ, आणि तेही फक्त घरच्या स्वयंपाकात. फरसाण, पाव, बिस्किटं, हॉटेलचं जेवण, विकतची लोणची-पापड बंद, कारण त्यांत आयोडीनचं मीठ असतं. दूध, दही, पनीर, अंड्याचा बलक, मासे बंद. लाल चेरी आणि काही गोळ्यांच्या वेष्टनातला आयएनएस १२७ हा रंग आयोडीनयुक्त असतो, तोही टाळायचा. भात, पोळी, डाळी, ताज्या भाज्या, फळं, साखर, तेल चालतं. जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावायचं नाही, आणि आधीच्या दोन महिन्यांत कॉन्ट्रास्टचं सीटी झालं असेल तर तारीख ठरवणाऱ्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं, नाहीतर उपचार वाया जातो. उपचारानंतर बहुधा एक-दोन दिवसांत नेहमीचं मीठ सुरू करतात, दिवस तेच डॉक्टर सांगतील.